नववीतलं लेकरू गावात राहिलं पाहिजे

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात सहाव्या दिवशी दुपारी मंडपात आम्ही जे बोललो, ते मंडळींच्या आग्रहावरून या अंकासाठी देत आहोत.)

आम्ही शेतकरी माणूस, शिक्षण चौथी. कीर्तनाला उभं राहायची सवय आहे, भाषणाची नाही. कमी-जास्त झालं तर पदरात घ्या.

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. जुनी माणसं सांगायची, पहिल्या वर्षी सतरा-अठराच माणसं निघाली होती. एक बैलगाडी, त्यात सगळ्यांचा शिधा. तेव्हापासून एक रीत पडली ती आजवर मोडली नाही. ज्याच्याकडे शिधा नाही त्यानं चालायचं नाही, असं या दिंडीत कधी झालं नाही. कुणी दोन पायल्या जास्त टाकल्या, कुणी मूठभर टाकलं, पंगतीत बसताना कुणी कुणाला विचारलं नाही. नाथांच्या पालखीमागे आपण चालतो. ज्या नाथांनी तहानलेल्या गाढवाला कावडीतलं पाणी पाजलं, त्यांच्या मागे चालणाऱ्यांची रीत अशीच असणार. ही रीत ध्यानात ठेवा, पुढे तिच्यावर आम्ही येणार आहोत.

मंडळींनी आम्हाला विषय दिला, तरुण पिढी आणि वारी. तक्रार अशी की तरुण पोरं दिंडीत येत नाहीत, मोबाईल बघत बसतात. आम्ही जरा वेगळं बोलणार आहोत. पोरगं दिंडीत का नाही, हे विचारायच्या आधी ते शाळेत का नाही हे विचारू. आपल्या वस्त्यांवरची आठवी झालेली किती पोरं दहावीच्या परीक्षेला बसली, ते ज्यानं त्यानं घरी जाऊन बोटावर मोजावं. आम्ही मोजलं आहे. आकडा इथे सांगत नाही, कारण तो ऐकून बापाची मान खाली जाते, आणि मान खाली घालावी असं बापानं काही केलेलं नाही.

आधी आमचंच सांगतो, म्हणजे कुणाला वाटायला नको की महाराज आमच्याकडे बोट दाखवतात. गावात शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीला दोन कोस चालत जावं लागे. आम्ही चौथी पास झालो आणि १९७२ चा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, बैल विकले. घरात आठ तोंडं. सरकारनं दुष्काळी कामं काढली, नालाबंडिंग, पाझर तलाव, खडी फोडायची कामं. आई-बाप कामावर गेले, त्यांच्यामागे आम्हीही गेलो. कामावर सुकडी मिळायची. ज्यांनी खाल्ली त्यांना तिची चव अजून आठवत असेल. पाऊस पुढच्या वर्षी आला, पण आम्ही शाळेत परत गेलो नाही. एकदा लेकरू मजुरीला लागलं की त्या मजुरीवर घराचा हिशेब बसतो, मग ती मोडता येत नाही. दुष्काळ एका वर्षाचा आणि शाळा जन्माची गेली, असं झालं.

आता कुणी म्हणेल, तो काळ गेला. आता गावोगावी शाळा आहे, पुस्तकं फुकट, दुपारी खिचडी. खरं आहे. २००९ साली शिक्षण हक्काचा कायदा झाला, २०१० च्या एप्रिलपासून तो लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या लेकराला शिक्षण फुकट आणि सक्तीचं. फार चांगलं झालं. पण चौदा वर्षं म्हणजे आठवी. खिचडी आठवीपर्यंत. फुकट पुस्तकं आठवीपर्यंत. आई-बाप उसाला गेल्यावर लेकरांना गावात ठेवायला हंगामी वसतिगृह निघतं, त्याचा भरही आठवीपर्यंतच्याच लेकरांवर. नववीला पाऊल टाकलं की सरकारचा हात सैल होतो. आणि नेमकं त्याच वर्षी पोराच्या दंडात ताकद येते. तिकडून मदत सुटते आणि इकडून काम बोलावतं. लेकरू जातं ते या फटीतून.

आपला भाग उसतोडीचा आहे, तुम्हाला आम्ही काय सांगावं. तरी परगावच्या मंडळींसाठी सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असला तर अर्धा कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम उचल देतो. एका कोयत्याची उचल आज लाखाच्या घरात जाते. ती उचल लग्नाला गेलेली असते, दवाखान्याला गेलेली असते, बोअर पाडायला गेलेली असते. मग सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. मार्च-एप्रिलात पट्टा पडेपर्यंत कोपीत राहायचं आणि उचल फेडायची. फिटली नाही तर बाकी अंगावर राहते, आणि पुढल्या सालीही त्याच मुकादमाकडे जावं लागतं.

२०२४ च्या सुरुवातीला तोडणीचा दर ३४ टक्के वाढला, टनाला २७३ चे ३६६ रुपये झाले. आता हिशेब करा. एक जोडी दिवसाला दोनेक टन तोडते. सोबत चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं असलं, त्यानं वाढं बांधलं, मोळ्या उचलल्या, गाडी भरू लागलं, तर अर्धा टन वाढतो. अर्धा टन म्हणजे १८३ रुपये. दीडशे दिवस धरा. सत्तावीस हजार रुपये होतात. माउल्यांनो, पोराच्या शाळेची खरी किंमत ही आहे. वह्या, दप्तर, फी यांचा खर्च कसाही भागतो. पण पोरगं शाळेत बसलं म्हणून न आलेली जी मजुरी आहे, ती कुणी वहीत लिहीत नाही. बापाला मात्र ती रोज दिसते, उसाच्या फडात उभा असताना.

आपल्या टाळकऱ्यांतला एक गृहस्थ आहे, नाव घेत नाही. त्याचा थोरला नववीत. गणितात हुशार, मृदंगावर हात बरा. दिवाळीनंतर पोरगं दिसेना. गृहस्थ पट्टा पडल्यावर गावात आला तेव्हा आम्ही विचारलं, "का रे बाबा, पोरगं शाळेतून का काढलं?"

तो म्हणाला, "महाराज, काढलं नाही. हिचा हात मोडला दिवाळीत. उचल तर घेतलेली. एकट्याच्या अर्ध्या कोयत्यावर नव्वद हजार कधी फिटायचे? म्हणलं एवढा हंगाम चल, पुढल्या साली शाळेत बस."

"मग आता बसतंय का?"

"आता ते म्हणतंय, माझ्या बरोबरीचे दहावीत गेले, मी नववीत बारक्या पोरांसोबत कसा बसू?"

बघा, यात कोण वाईट? बाप वाईट नाही, पोरगं आळशी नाही, मास्तरनं हाकललेलं नाही. तरी शाळा सुटली. घरात कमावता एक हात कमी झाला की त्याची भरपाई थोरल्या पोरानं करायची, असा आपल्याकडचा अलिखित कायदा आहे. विहीर कोसळली तरी पोरगं, बाप आजारी पडला तरी पोरगं, बहिणीचं लग्न निघालं तरी पोरगंच.

मुलींचं दुःख वेगळं आहे आणि ते मोठं आहे. आई-बाप उसाला जाताना मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून तिचं लग्न लवकर उरकतात. त्यावर याच मंडपात ताईंनी परवा सांगितलं. मुलींना सरकारनं एसटीचा पास फुकट दिला, मानव विकासच्या तालुक्यांत सायकली दिल्या, योग्यच केलं. ते कमी करा असं आम्ही म्हणत नाही. पण पोराच्या बाबतीत आपण समजतो की तो गडी माणूस, त्याचं काय, तो कुठंही कमवून खाईल. या "कमवून खाईल" मध्येच त्याची शाळा बुडते. पोरगं खातं कमवून, पण काय कमवतं? सोळाव्या वर्षी ट्रॅक्टरवर बसतं, अठराव्या वर्षी त्याच्या नावावर स्वतःची उचल असते, विसाव्या वर्षी लग्न होऊन बाप जिथं उभा होता त्याच फडात तो उभा असतो.

कुणी जुनी मंडळी आम्हाला म्हणतात, महाराज, सावता महाराजांनी मळ्यात देव पाहिला, गोरोबा काकांनी चिखल तुडवता तुडवता पाहिला, नामदेव महाराज शिंप्याचे. संतांनी काम सोडलं नाही, मग कामाला कमी का लेखता? आम्ही कमी लेखत नाही. आमच्या हाताला अजून नांगराचे घट्टे आहेत. पण सावता महाराजांचा मळा स्वतःचा होता. उचल घेतलेल्या बापामागे चौदाव्या वर्षी फडात जाणाऱ्या लेकराला मळा नाही आणि निवडही नाही. शिकून त्यानं शेती केली तर आनंद आहे. न शिकता दुसरं काही करताच आलं नाही म्हणून त्यानं कोयता धरला, तर त्याला संतांचं नाव देऊ नये.

तुकोबारायांचं चरित्र आठवा. घरात महाजनकी होती, दुकान होतं, लिहिणं-वाचणं होतं. दुष्काळानं सगळं धुऊन नेलं, घरातली माणसं गेली. आणि त्यांनी काय केलं? लोकांकडून येणं असलेल्या पैशाची कर्जखतं, आपल्या वाट्याची, इंद्रायणीत सोडली, असं आपण कीर्तनात सांगतो. कर्ज माणसाला कसं बांधतं हे त्यांना माहीत होतं, कारण त्यांना ते कागद वाचता येत होते. आपल्या मुकादमाकडेही एक वही असते. किती टन तोडलं, किती खर्ची घेतली, किती बाकी. आमच्या वस्तीवरच्या एका बाईच्या मुलानं दहावी केली आहे. त्यानं एका हंगामात रोजच्या वजनाच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या, शेवटी बेरीज केली आणि वहीत अकरा टन कमी लागलेत हे दाखवून दिलं. भांडण नाही, तंटा नाही. मुकादमानं मुकाट्यानं दुरुस्त केलं. चार हजार रुपये वाचले. ज्या घरात बेरीज करणारं कुणी नाही, त्या घरानं काय करावं? शाळेचा उपयोग विचारता ना, हा पहिला उपयोग.

दुसरा उपयोग दहावीचा कागद. एसटीत चालक-वाहक व्हायचं तर दहावी. आयटीआयला इलेक्ट्रिशियन, फिटर शिकायचं तर दहावी. पोलीस भरतीला बारावी. नववीत सुटलेल्या पोराला ही सगळी दारं बंद. दोन वर्षांसाठी बंद. नववी आणि दहावी, एवढ्या दोनच हंगामांचा प्रश्न आहे, माउल्यांनो. दोन दिवाळ्या आणि दोन पाडवे.

आता करायचं काय? नुसतं रडगाणं गायला आम्ही उभे राहिलो नाही.

आपल्या संप्रदायात याला वाट दाखवलेली आहे. गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक इथे धर्मशाळा बांधल्या. बाबांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी कीर्तनात लोकांना सांगायचे की ताट नसलं तर भाकरी हातावर घेऊन खा, पण लेकराला शाळेत घाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याला वसतिगृह चालवलं. तिथं सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला जेवायची, काम करायची आणि शिकायची. भाऊरावांना कळलं होतं की शाळा उघडून भागत नाही, गरिबाचं पोरगं शाळेजवळ राहिलं कसं आणि जेवलं कसं, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडे फार पूर्वीपासून वार लावून जेवायची पद्धत होती. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. त्यावर कितीतरी माणसं शिकली.

गेली दोन वर्षं आपल्या मठाच्या मागच्या खोलीत आम्ही काही मंडळींनी हे करून पाहिलं. पहिल्या वर्षी चार पोरं ठेवली. आई-बाप उसाला, पोरं मठात. सकाळी काकडा, मग अभ्यास, मग शाळा, संध्याकाळी हरिपाठ, पुन्हा अभ्यास. जेवायला वार. गावातला एक निवृत्त मास्तर रोज तास-दोन तास गणित घ्यायचा. तिघं दहावी पास झाले. चौथा संक्रांतीला गेला. बापाच्या जोडीचा गडी आजारी पडला, बापाचा फोन आला, पोरानं रात्रीच पिशवी भरली. आम्ही अडवलं नाही. अडवून बापाची उचल आम्ही फेडणार होतो का? दुसऱ्या वर्षी सहा ठेवले, त्यातले पाच टिकले. म्हणजे जे ठेवले ते सगळे राहतात असं नाही. पण न ठेवता एकही राहत नाही.

आता या वर्षी दहा लेकरं ठेवायची आहेत. हिशेब मांडतो. एका वाढत्या पोराला दिवसाला अर्धा किलो धान्य धरा. दीडशे दिवसांचे पंचाहत्तर किलो. दहा पोरांचे साडेसात क्विंटल. आपल्या दिंडीशी बांधलेले शंभर उंबरे आहेत. म्हणजे एका उंबऱ्यामागे साडेसात किलो ज्वारी-गहू. डाळ, तेल, मीठ मिळून वेगळी वर्गणी. एवढं तर आपण आषाढीला एका वाटेत खाऊन येतो. सुगीला ज्याच्या त्याच्या खळ्यावरून हे धान्य उचलायचं, आणि ज्याची सुगी बुडाली त्याला विचारायचं नाही. सुरुवातीला सांगितलेली रीत ती हीच.

धान्य गावानं द्यावं, पण बापानंही काही द्यावं लागेल. अर्धा टन बापानं सोडायचा. सत्तावीस हजार गरिबाला थोडे नाहीत, ते आम्हाला कळतं. त्याला थोडा आधार आहे. आठवीत असताना एनएमएमएस नावाची परीक्षा असते. सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या, वर्षाला साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या लेकरासाठी. त्यात निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये लेकराच्या खात्यावर येतात. पण परीक्षा असते डिसेंबरच्या सुमाराला, तेव्हा आपलं लेकरू फडात. म्हणून आठवीचं हुशार लेकरूही परीक्षेपर्यंत गावात राहिलं पाहिजे. उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचं खातं दसऱ्याच्या आत करून घ्या. तलाठ्याकडे, तहसिलात जायला आमच्यातला माणूस सोबत येईल. २०२१ सालापासून उसतोड मजुरांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं सरकारनं वसतिगृहांची योजना काढली आहे. भगवानबाबा आपल्याच परंपरेतले, त्यांनीही लेकरांनी शिकावं म्हणून खस्ता खाल्ल्या. आपल्या तालुक्याच्या वसतिगृहात जागा आहे का, ते आधी बघायचं. तिथं जागा मिळाली तर मठातली जागा दुसऱ्या लेकराला होईल.

ज्यांची शाळा सुटून गेली त्यांनाही वाट आहे. दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म असतो. बारक्यांसोबत बसायची लाज वाटते ना, मग वर्गात बसू नको, फॉर्म भर. तो मृदंगवाला पोरगा आम्ही याच वाटेनं आणायचा म्हणतो आहोत. बापाशी बोलणं झालं आहे, पोराशी व्हायचं आहे.

आता दिंडीपुरत्या दोन गोष्टी. आषाढी जून-जुलैत येते, शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. पालखीसोबत पूर्ण वाट चालायला नववी-दहावीचं पोरगं आणलं की त्याचा पहिला महिना बुडतो, तिथून ते मागे पडतं. म्हणून यापुढे या दोन वर्गांतल्या पोरांनी आषाढीला शेवटच्या मुक्कामाला यावं. पुंडलिकाच्या दारी उभा राहिलेला देव दोन वर्षं आपल्या लेकरासाठी थांबेल, त्याला थांबायची सवय आहे. कार्तिकी दिवाळीच्या सुट्टीला लागून येते, तेव्हा खुशाल चालावं. आणि ज्यांना लेकरू आळंदीला वारकरी शिक्षणासाठी पाठवायचं आहे त्यांनी जरूर पाठवावं, पण शाळेचा दाखला सोबत द्यावा आणि तिथल्या शाळेत नाव घालावं. कीर्तनकारालाही दहावी पाहिजे. आम्ही चौथीवर निभावून नेलं, पण पोथीतला अवघड शब्द अडला की अजून दुसऱ्याला विचारावं लागतं.

आणि जे शेतमालक इथे बसले आहेत त्यांना हात जोडून सांगणं आहे. शाळेच्या दिवशी चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं कामाला आलं तर त्याला स्वस्त गडी समजून ठेवू नका. "बाळा, आज शाळा नाही का?" एवढं विचारा आणि रविवारी बोलवा.

उद्या काल्याचं कीर्तन आहे. काल्याच्या आधी विण्याजवळ एक वही ठेवलेली असेल. डाव्या पानावर उंबऱ्यांची नावं आणि धान्य. उजव्या पानावर नववी-दहावीच्या लेकरांची नावं. उसाला जाणाऱ्या आई-बापांनी उजव्या पानावर लेकराचं नाव घालायचं, लाज धरायची नाही. डाव्या पानावर ज्यानं त्यानं आपापल्या सुगीप्रमाणे घालायचं. दोन्ही पानं भरली तर दिवाळीला दहा पाट मांडू. कमी भरली तर जितकी भरतील तितके मांडू.

बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर लेकरू समजून क्षमा करा.

रामकृष्ण हरी.